बाथची जुनी जॉर्जियन रो-हाउस कशी बघायची, नागपुरात बसून पण

आपल्या नागपूरची किती तरी पोरं आता इंग्लंडात शिकून राहिली, आईबाबा भेटायला गेले की बाथ शहराला एक दिवस ठरलेलाच, आणि तिथे रॉयल क्रिसेंटसमोर, म्हणजे अर्धचंद्रासारख्या वळणातल्या जॉर्जियन (जॉर्ज राजांच्या काळातल्या, साधारण १७१४ ते १८३०) घरांच्या रांगेसमोर, एक फोटो काढला की झालं, चला पुढे. असं नका करू. त्या रांगेला अर्धा तास द्या, आणि जाणं होणार नसेल तर मोबाईलवर स्ट्रीट व्ह्यू उघडा, तेवढ्यानेही पुष्कळ दिसतं.

आधी लांब उभे राहा. ३० घरं, ११४ खांब, सगळं एका वळणात, लांबून एकच मोठा राजवाडा वाटतो. वास्तुविशारद जॉन वूड धाकटा, त्याने १७६७ ला काम सुरू केलं. त्याने फक्त दर्शनी भाग ठरवून दिला, ज्याला घर हवं त्याने आपल्या वाट्याचा तुकडा घ्यायचा आणि मागचं घर आपल्या माणसाकडून, आपल्या खिशाप्रमाणे बांधून घ्यायचं. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

मग खिडक्या, आणि इथे घाई अजिबात नको. तळमजला साधा, खांब पहिल्या मजल्यापासून सुरू होतात ते दोन मजले उंच जातात. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, पाहुणे तिथेच बसायचे म्हणून उंच खिडक्या तिथे, वर वर जाल तशा लहान, आणि पार छपराखाली नोकरांच्या खोल्या. म्हणजे घरात कोण कुठे राहायचं ते रस्त्यावरूनच कळतं! आता एकच खिडकी धरा आणि झूम करा. फ्रेम वर-खाली सरकणारी, काचा लहान लहान, बरेचदा वरच्या भागात ६, खालच्या भागात ६. मधल्या लाकडी पट्ट्या जाड असतील तर साधारण आधीचं काम, बारीक असतील तर नंतरचं, आणि काचेतलं आभाळ वाकडंतिकडं दिसलं तर ती जुनी हाताने केलेली काच असू शकते. क्रिसेंटमध्ये बऱ्याच जणांनी व्हिक्टोरियन काळात (१८३७ ते १९०१) पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या खाली वाढवून घेतल्या, १ नंबरच्या घरात त्या परत मूळ मापाच्या केल्या, ते घर आणि शेजारचं एकदम बघा, फरक लगेच दिसतो.

बुजवलेली खिडकी दिसली की गाईड लोक खिडकी-कर सांगतात, म्हणजे खिडक्या मोजून कर लागायचा, तो वाचवायला लोकांनी त्या बुजवल्या. कर होता, १६९६ ते १८५१, पण बऱ्याच खिडक्या पहिल्यापासूनच खोट्या आहेत, फक्त दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून.

लंडनला बेडफर्ड स्क्वेअरला, म्हणजे अशाच जॉर्जियन घरांच्या चौकात, गेलात तर तिथे फ्रेम भिंतीत किती आत आहे ते बघा. लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर बाहेर लाकूड कमी ठेवायचे कायदे आले, १७०९ मध्ये फ्रेम ४ इंच आत, १७७४ मध्ये तिची पेटी (खिडकी सरकवायची वजनं असतात ती) विटांमागे लपवा. फुटपाथवर खाली पण बघत चला, गोल लोखंडी झाकणं दिसतील, त्यातून कोळसा सरळ फुटपाथखालच्या तळघरात टाकायचे.

आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याला उजेड चौकातून मिळतो, रस्त्याकडची भिंत बंद असली तरी भागतं. या इंग्लिश घरांना दोन्हीकडे शेजाऱ्याची भिंत, चौक नाही, उजेड फक्त पुढून आणि मागून. म्हणून बहुतेक घरात मजल्याला एक खोली पुढे, एक मागे, जिना एका बाजूला.

आणि मागे जायला विसरू नका, हे कोणीच करत नाही आणि मला तर सगळ्यात जास्त तेच आवडतं. पुढे शिस्तीत उभी असलेली क्रिसेंटची ती ३० घरं मागून पूर्ण वेगळी, कोणाचं छप्पर उंच, कोणाचं घर जास्त खोल, खिडक्या वाट्टेल तिथे. स्ट्रीट व्ह्यूवर हे नीट दिसत नाही, वरून सॅटेलाइट व्ह्यू लावा. प्रत्यक्ष गेलात तर १ नंबरच्या घरात म्युझियम आहे, तिकीट काढा आणि तळघरातलं स्वयंपाकघर चुकवू नका.