कोकणात बाईक नेताय? वायरिंगच्या या चुका टाळा

फॉग लॅम्प, चार्जर, जीपीएस असं सगळं हौसेने लावून पोरं अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला निघतात आणि अर्ध्या वाटेत गाडी बंद पडते. बहुतेक वेळा गाडीचा दोष नसतो. निघायच्या आदल्या रात्री घाईत जोडलेली एखादी वायर दगा देते.

सगळ्यात जास्त घोळ कोनसेटपाशी, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगपाशी होतो. हँडल सरळ ठेवून वायर मोजतात आणि केबल टायने करकचून आवळतात. हँडल पूर्ण वळलं की तीच वायर ताणते किंवा स्टॉपरमध्ये चेपते. कव्हर रोज थोडं थोडं सोलत जातं आणि एक दिवस उघडं तांबं चासीला टेकतं.

आमच्यातल्या एकाची गाडी दाभोळच्या जेटीवर अशीच गेली. फेरीबोटीत गाडी कडेला लावायला त्याने हँडल पूर्ण डावीकडे घेतलं आणि मीटर विझला. फ्यूज उडाला होता. खाडी ओलांडून धोपाव्याला गाडी ढकलत उतरवली. अंधार पडत आलेला, जादा फ्यूज नाही आणि त्याला गुहागर गाठायची घाई. त्याने वायरीतली तांब्याची तार काढून फ्यूजच्या जागी गुंडाळली. मी नको म्हणालो, पण हात धरून अडवलं नाही, याची खंत अजून आहे. जेमतेम चढाला लागलो तोच टाकीखालून जळका वास आला. सीट काढून बॅटरीचा निगेटिव्ह सोडवेपर्यंत हार्नेसमधल्या, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या मुख्य जुडग्यातल्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. पुढे टेम्पो, आणि घरी आल्यावर अख्खा हार्नेस नवा.

फ्यूज उडाला म्हणजे बहुतेक वेळा आत कुठेतरी शॉर्ट असतो. तो आधी शोधा, मग जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच नवा घाला. मी प्रत्येक अँपिअरचे दोन फ्यूज सीटखाली ठेवतोच. वायर बांधण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवतो, कोनसेटपाशी सैल वळसा सोडतो आणि टायखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो.

फॉग लॅम्पचं कनेक्शन हेडलाइटच्या वायरीतून घेऊ नका. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून जास्त करंट. रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, बॅटरीजवळ वेगळा फ्यूज द्या.

पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट पुण्यात कदाचित वर्षभर चालेल, हर्णैच्या खाऱ्या हवेत नाही. उन्हाने टेपचा गोंद सुटतो, ओल आत शिरते. असा जॉइंट उघडला की तांब्यावर हिरवी पूड दिसते, आणि कव्हर जरा मागे सोललं तर आतली तार काळी, चिमटीत मोडणारी. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) नीट दाबून बसवा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा, कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, ओल अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. तासभर जास्त जातो, जाऊ द्या.

पुळणीवर, लाटांच्या पाण्यात गाडी घालू नका. घातलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण कपलरवर प्रेशर गन मारू नका.

मिरगापासून गणपतीपर्यंत गाडी गावच्या पडवीत उभी असेल तर सेल मारण्याआधी सीट काढून टॉर्चने बघा. भाताचं तूस किंवा कुरतडलेलं कव्हर दिसलं, तर उंदरांनी आत घर केलंय.