एसीओत नोकरी करणार असाल तर आधी टिन आणि तारखा शिका

बीडीएस, बीएचएमएस करून इकडे अमेरिकेत एमएचएला (हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधल्या मास्टर्सला) आलेली मुलं नेहमी विचारतात की एसीओमध्ये (अकाउंटेबल केअर ऑर्गनायझेशनमध्ये) नेमकं काम काय असतं. कॉलेजात सगळा भर सेव्हिंग्जच्या गणितावर असतो, पण खरं सांगू का, ते गणित अ‍ॅक्चुअरी म्हणजे विम्याचा हिशोब करणारे तज्ज्ञ बघतात, फ्रेशरच्या गळ्यात पडते ती पार्टिसिपंट लिस्ट, म्हणजे एसीओत कोण कोण सामील आहे त्याची यादी.

बॅकग्राऊंड पटकन सांगते. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमधून मेडिकेअरचा (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) शेअर्ड सेव्हिंग्ज प्रोग्रॅम आला, २०१२ ला सुरू झाला. डॉक्टरांचे ग्रुप, हॉस्पिटलं मिळून एसीओ बनवतात, नावावर किमान ५,००० मेडिकेअर पेशंट लागतात, क्वालिटी सांभाळून खर्च बेंचमार्कच्या (ठरवून दिलेल्या अपेक्षित खर्चाच्या) पुरेसा खाली ठेवला की वाचलेल्या पैशात वाटा. वाटा किती ते कुठला ट्रॅक घेता त्यावर: बेसिक ट्रॅकच्या ए-बी लेव्हलला जास्तीत जास्त ४०%, सी ते ई ला ५०%, एन्हान्स्डला ७५%. ए-बी मध्ये खर्च बेंचमार्कच्या वर गेला तरी तोटा भरावा लागत नाही, सी पासून पुढे लागतो.

आता मुद्द्याचं. एसीओत डॉक्टर एकेकटा येत नाही, टिन येतो, म्हणजे क्लिनिकचा टॅक्स नंबर. त्या टिनखाली बिल करणाऱ्या सगळ्यांनी हो म्हणायला हवं, दोघं आत आणि एक बाहेर असं चालत नाही. आणि प्रायमरी केअरचं बिलिंग करणारा टिन या प्रोग्रॅममध्ये एकाच एसीओत राहू शकतो. इथे कार्डिओलॉजीवाले हमखास वाद घालतात की आम्ही कुठले प्रायमरी केअर, पण त्यांच्या ऑफिस व्हिजिटही पेशंट कुठल्या एसीओच्या नावावर हे ठरवताना धरल्या जाऊ शकतात, त्यामुळे तेही अडकतात. क्लिनिकचं लीगल नाव पेकॉसमध्ये (मेडिकेअरच्या नोंदणी सिस्टीममध्ये) जसं आहे तसंच अ‍ॅग्रीमेंटवर घ्या, नाहीतर सीएमएस (मेडिकेअर चालवणारी सरकारी एजन्सी) फाईल परत पाठवतं आणि तुमची दुपार फोनवर जाते.

वर्षाच्या मध्ये नवीन टिन टाकला तरी तो धरला जातो पुढच्या १ जानेवारीपासून. जायचं मात्र कधीही जाता येतं, एसीओने ३० दिवसांत सीएमएसला कळवायचं, बस. पण गंमत म्हणजे क्लिनिक मे महिन्यात गेलं तरी त्याचे पेशंट आणि त्यांचा खर्च त्या वर्षाच्या हिशोबात राहतात, वर्षाच्या सुरुवातीची लिस्टच चालते. हे सोडून जाणाऱ्या डॉक्टरला नीट समजावून सांगणं हे या जॉबमधलं सगळ्यात डोकं खाणारं काम आहे, कारण त्याला वाटतं आपण सुटलो.

पूर्ण एसीओच बाहेर पडणार असेल तर किमान ३० दिवस आधी लेखी नोटीस. तोटा भरायच्या लेव्हलला असाल तर ३० जून ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा: तोपर्यंत बाहेर पडलात तर त्या वर्षाचा तोटा भरावा लागत नाही, नंतर पडलात तर जितके महिने आत होता त्या हिशोबाने भरायचा. आणि वाटा हवा असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत थांबून क्लोज-आऊटची (बाहेर पडतानाची शेवटची) सगळी कामं पुरी करावी लागतात, त्याआधी गेलात की सेव्हिंग्ज झालेली असली तरी हातात काही नाही. म्हणून मे-जूनमध्ये लीडरशिपच्या मीटिंगा अचानक वाढल्या तर कशावरून ते ओळखायचं.

रेकॉर्ड १० वर्षं ठेवायचे असतात, तेव्हा फाईलींना नावं नीट द्या. इंटरव्ह्यूच्या आधी फेडरल नियमावलीच्या (४२ सीएफआर) भाग ४२५ मधले ११८, २२० आणि २२१ हे तीन सेक्शन वाचा, भाषा रुक्ष आहे पण एका संध्याकाळी होतात.