आधी छेद घालवा
आठवीच्या मुलांना मी समीकरणात आधी छेदच बघायला सांगते. २क्ष/३ − (क्ष − १)/४ = १ घ्या. ३ आणि ४ यांचा लसावि १२. प्रत्येक पदाला १२ ने गुणा, उजवीकडच्या एकट्या १ लासुद्धा. तो हमखास राहून जातो. मिळतं ८क्ष − ३(क्ष − १) = १२. खरी गोम या कंसात आहे: उणे ३ गुणिले उणे १ म्हणजे अधिक ३. तेवढ्यासाठी वेगळी ओळ लिहाच. मग ५क्ष + ३ = १२, म्हणून क्ष = ९/५.

इथे मुलं लगेच खोडरबर शोधतात. अरे, खोडू नका! ९/५ ही परिमेय संख्या आहे: दोन पूर्णांकांचा भागाकार, छेद शून्य नाही. संख्यारेषेवर १.८ ही तिची पक्की जागा. मूळ समीकरणात किंमत घालून बघा: ६/५ − १/५ = १.