टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर उघडायच्या आधी

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसलं म्हणून कॅबिनेट गाडीवर बांधून तालुक्याला न्यायची घाई करू नका. एक सकाळ मोकळी ठेवा. सकाळच, कारण मे महिन्यात दहानंतर कूलर बंद ठेवायला घरात कोणी तयार होणार नाही. कूलर आणि टीव्ही एकाच बोर्डावर असतील, तर आधी कूलरचा प्लग दुसरीकडे लावा. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर मधेच बंद होतो. त्या ओल्या हवेनं कापसाची बारीक धूळ आतल्या पंख्यावर चिकटते, म्हणून कोरडा ब्रश हाताशी असू द्या.

दुसरी वस्तू टेस्टर. कॉम्प्युटर चालू ठेवून कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला लावा. दिवा लागला, तर तिथवर अर्थिंग पोचलेलीच नाही असं धरा. अर्थिंग नसली की पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास येतात. करंट थोडाच असतो, हाताला मुंग्या येतात. झटका जोराचा बसत असेल तर मात्र हात लावू नका, आधी वायरमनला बोलवा. टीव्हीला डिशची वायर असते, ती वर छतावरच्या लोखंडापर्यंत गेलेली. अशात लाइन चालू असताना एचडीएमआय केबल, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र आणि आवाज टीव्हीला नेणारी वायर, लावली, की करंट पोर्टातूनच वाट काढतो. आमच्या टीव्हीचं एक पोर्ट असंच गेलं. म्हणून केबल काढताना-लावताना दोन्ही प्लग बोर्डातून बाहेर आणि डिशची वायरही सुटी. अर्थिंगचा खड्डाही पाहून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते. दोन बादल्या पाणी ओतलं की बराच फरक पडतो.

शेजाऱ्याकडून चालू असलेली दुसरी एचडीएमआय केबल मागून आणा. वायरवाला कीबोर्डही हवा, बिनवायरच्याचा सेल संपलेला असला तर उगाच भलतीकडे शोध सुरू होतो. आता आधी टीव्ही चालू करा, रिमोटवर बरोबर एचडीएमआय नंबर निवडा, मगच कॉम्प्युटर. टीव्हीला कोणतं चित्र चालतं हे तो केबलमधूनच विचारून घेतो. कॉम्प्युटरमध्ये चित्रासाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्यातच हवी. तरी काळंच दिसलं तर कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून पाहा. चित्र आहे पण आवाज नाही, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्हीचं नाव निवडा. कडा कापल्या जात असतील, तर दोष कॉम्प्युटरचा नाही, टीव्हीच्या पिक्चर साइजचा आहे.

सीआर 2032 चा एक सेल तेवढा येताना घेऊन या. लाइट जाऊन आल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा हाच सेल संपलेला असतो, आणि तारीख चुकली की इंटरनेट असूनही वेबसाइट उघडत नाहीत. पोरांचे व्हिडिओ बंद पडले की आधी घड्याळ पाहा.