फर्स्ट-पार्टी गेम कसा ओळखावा?

कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओनं केलेला गेम म्हणजे फर्स्ट-पार्टी. प्लेस्टेशन हे सोनीचं कन्सोल, एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचं, स्विच निन्टेंडोचं. ‘फक्त प्लेस्टेशनवर मिळतो, म्हणजे फर्स्ट-पार्टी’ हे गणित बरेच जण मांडतात आणि तिथेच फसतात. ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ २०२० साली आला तो फक्त प्लेस्टेशन ४ वर. पण बनवला स्क्वेअर एनिक्स या वेगळ्या कंपनीनं, विकलाही त्यांनीच. गेम कुठे चालतो याला महत्त्व नाही. बनवणारा स्टुडिओ कोणाच्या मालकीचा, ते बघायचं.

सुरुवात गेमच्या खोक्यापासून करा. ते उलटं करून तळाची बारीक अक्षरं वाचा आणि दोन नावं टिपून घ्या: बनवणारा कोण, प्रकाशक कोण. गेम डाउनलोड केलेला असेल तर सुरुवातीचे लोगो, जे आपण एरवी बटण दाबून उडवतो, ते एकदा पुरते बघा.

आता प्रकाशक. तो सोनी, निन्टेंडो, मायक्रोसॉफ्ट किंवा त्यांच्या ताब्यातली कंपनी नसेल, तर गेम थर्ड-पार्टी, म्हणजे बाहेरच्या कंपनीचा. ‘ताब्यातली’ हा शब्द विसरू नका. अटारी ही कन्सोल कंपनी सोडून आलेल्या प्रोग्रॅमरनी १९७९ मध्ये काढलेली ॲक्टिव्हिजन म्हणजे थर्ड-पार्टी धंद्याची मूळ पुरुष. ऑक्टोबर २०२३ पासून तीच मायक्रोसॉफ्टच्या घरात आहे!

प्रकाशक जुळला तरी घाई नको, स्टुडिओचा मालक तपासा. नॉटी डॉग २००१ पासून सोनीचा, त्यामुळे ‘द लास्ट ऑफ अस’बद्दल वादच नाही. ‘ब्लडबोर्न’ मात्र प्रकाशित केला सोनीनं आणि बनवला फ्रॉमसॉफ्टवेअर या वेगळ्या कंपनीनं. अशांना लोक सेकंड-पार्टी म्हणतात. शब्द बोलीतला आहे, पण सोयीचा.

मग तारीख बघा. खरी भांडणं इथेच होतात. इन्सोम्निॲक या स्टुडिओचा ‘स्पायडर-मॅन’ सप्टेंबर २०१८ मध्ये आला. सोनीनं स्टुडिओ विकत घेतला २०१९ मध्ये. म्हणजे गेम आला त्या दिवशी स्टुडिओ स्वतंत्र होता. मी त्याला सेकंड-पार्टीच धरतो आणि त्याच स्टुडिओच्या पुढच्या स्पायडर-मॅन गेमला, २०२० च्या ‘माइल्स मोरालेस’ला, फर्स्ट-पार्टी. कोणी सरसकट दोन्ही सोनीच्या खात्यात टाकतात, टाकोत बापडे. पात्र मार्व्हलचं आहे, पण त्यानं या हिशेबात काही बदलत नाही.

शेवटी विचारा, ‘फर्स्ट-पार्टी, पण कोणाचा?’ ‘माइनक्राफ्ट’चा मोजांग स्टुडिओ मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये घेतला. तोच गेम एक्सबॉक्सवर फर्स्ट-पार्टी आणि निन्टेंडो स्विचवर थर्ड-पार्टी. याहून गंमत ‘एमएलबी द शो २१’ या बेसबॉल गेमची. तो सोनीच्याच सॅन डिएगो स्टुडिओचा. पण २०२१ मध्ये तो आला तेव्हा प्लेस्टेशन ५ वाल्यांनी ७० डॉलर मोजले आणि एक्सबॉक्सच्या गेम पासवाल्यांना पहिल्या दिवसापासून वर्गणीतच मिळाला.