गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली घेण्याआधी

ऑटोमॅटिकचा डबा काढून जुन्या गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला आणि काहीतरी बिनसलं. रिव्हर्स टाकताना खरखर होते, सेल्फ मारला तरी गाडी ढिम्म, नाहीतर एका ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. अशा वेळी हात आधी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या) बोल्टांकडे जातो. तो आवरा. अशा गाडीत दुखणं डब्याच्या आत क्वचित, त्याच्या अवतीभोवतीच जास्त असतं, आणि त्यातलं बरंचसं डबा जागेवर असतानाच सापडतं.

आधी जमवाजमव. चार भक्कम स्टँड, पेडल दाबायला एक माणूस, मॅग्नेटच्या बुडाचं डायल गेज, फीलर गेज, टेस्ट लॅम्प, टॉर्क पाना आणि कोन मोजायला काहीतरी. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲपही चालतं. सोबत एक वही. तीत इंजिन ब्लॉकचं वर्ष, फ्लायव्हीलचे (इंजिनामागच्या जड चकतीचे) दात, क्लच प्लेटच्या आतल्या खाचांची संख्या, मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर क्लचकडे ऑईल ढकलणाऱ्या नळकांड्याचा) बोअर म्हणजे आतला व्यास आणि गिअरबॉक्स मुळात कोणत्या गाडीचा, एवढं लिहून काढा. यातली एखादी जागा रिकामी राहिली, तर तपास तिथूनच सुरू करा.

विजेचं काम पाच मिनिटांचं. ऑटोमॅटिकमध्ये सेल्फची वायर न्यूट्रलच्या स्विचमधून जाते आणि बहुधा रिव्हर्सचे दिवेही तिथूनच. डबा गेला, स्विच गेला, सर्किट तुटलं. नुसता तुकडा जोडून सेल्फ सुरू होतो खरा, पण मग गाडी गिअरमध्येही उडी मारते. ती वायर क्लच पेडलच्या स्विचवरून घ्या. इंजिनाची अर्थिंगची पट्टी परत लावली आहे ना, तेही पाहा. ती राहिली तर सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल भाजून निघते. इंजिन रिकाम्या गतीला अडखळत असेल तर व्हॅक्यूमची नळी शोधा. सी-४ किंवा टीएच-३५० सारख्या ऑटोमॅटिक डब्यांच्या मॉड्युलेटरला (इंजिनाचा भार ओळखणाऱ्या भागाला) मॅनिफोल्डवरून नळी जाते. डब्याबरोबर ती सुटते आणि तोंड उघडं राहतं. कार्बोरेटरशी तासभर झटापट करून झाल्यावर ते दिसतं.

आता क्लच. वेळ राखून ठेवायचा तो इथे. इंजिन चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात गुंतण्याआधी वेग जुळवणारी कडी, नसतो, म्हणून घाई केली तर धडधाकट क्लचवरही खरखर होते. दहा सेकंदांनंतरही झाली, तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) टोकातला पायलट बुश गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला धरून ठेवतोय. मग इंजिन बंद करून मागची चाकं अधांतरी ठेवा, हँडब्रेक सोडा, पहिला गिअर टाका आणि सोबत्याला पेडल दाबून धरायला सांगा. तुम्ही खालून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. चाक फिरवून बघू नका. डिफरन्शियलमुळे पलीकडचं चाक उलटं फिरतं आणि क्लच सुटल्याचा भास होतो. शाफ्ट घट्ट लागला तर बेल हाउसिंगच्या खिडकीतून फीलर गेज घालून प्लेट सगळीकडून मोकळी होतेय का बघा. मोकळी असूनही शाफ्ट ओढला जात असेल तर बुशावर संशय घ्या.

प्लेट मोकळी होत नसेल तर पेडलपासून मागे मागे चला. दांड्यांच्या जोडणीत पेडलवर २० ते २५ मिलिमीटर मोकळा प्ले हवा, त्याहून फार जास्त नको. हायड्रॉलिक असेल तर हवा काढून झाल्यावर बोअरचा हिशेब करा. पाऊण इंची मास्टरऐवजी पाच अष्टमांश इंची बसवला, तर पेडलच्या तेवढ्याच चालीत सुमारे ३० टक्के ऑईल कमी ढकललं जातं. पेडल हलकं लागतं म्हणून माणूस खूश होतो, आणि क्लच अर्धवट सुटतो.

हिशेब जुळूनही चाल कमी पडत असेल तर फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, बघा. या एका कारणापायी मी डबा दोनदा उतरवला होता. मास्टर बदलला, स्लेव्ह (क्लचकडचं सिलिंडर) बदलला, प्लेट उलटी बसली असेल म्हणून तीही काढून पाहिली. शेवटी भाच्याला पेडलवर बसवून बॉनेट उघडं ठेवून उभा राहिलो, तर प्रत्येक दाबाला मास्टर सिलिंडर अख्खा पुढे मान डोलवत होता. पट्टी धरली: ६ मिलिमीटर. ३० मिलिमीटरच्या चालीतले ६ पत्रा वाकवण्यातच जात होते. ऑटोमॅटिक गाडीच्या फायरवॉलला त्या जागी जोर सोसायची सवयच नसते. आतून ३ मिलिमीटरची पोलादी पट्टी लावून ती पेडलच्या ब्रॅकेटला बांधली आणि रिव्हर्स लोण्यासारखा पडला.

आवाजाचं निदान कानांनीच होतं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबायला सुरुवात करताच चिरकायला लागलं तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचवर टेकणारं). गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबून उभं असतानाच आवाज येत असेल तर पायलट. क्रँक फिरतोय आणि शाफ्ट थांबलाय अशी अवस्था तेव्हाच असते. याच बैठकीत पुढच्या पुलीवर डायल गेज लावून क्रँकचा पुढेमागे प्ले मोजा. साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. क्लच दर वेळी क्रँकला पुढे ढकलतो, आणि क्रँकला पुढेमागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलेलं असेल तर त्याला पुरत नाही.

थरथर गाडीच्या वेगाबरोबर वाढते की इंजिनाच्या, ते आधी ठरवा. उभ्या गाडीत रेस दिल्यावरही होत असेल तर फ्लायव्हीलचं बॅलन्स तपासा. फोर्डच्या ३०२ इंजिनाचं बाहेरचं (फ्लायव्हीलवरच्या वजनाने साधलेलं) बॅलन्स १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला २८ वरून ५० औंस-इंचावर गेलं. चुकीचं फ्लायव्हील बोल्टवर निमूट बसतं, कुरकुर नंतर करतं. वेगाबरोबर वाढत असेल तर शाफ्टची लांबी आणि कोन. शाफ्टचा पुढचा योक (डब्यात सरकणारं टोक) तळाला टेकलेल्या जागेपासून २० ते २५ मिलिमीटर बाहेर असावा, गिअरबॉक्सचा आणि मागच्या ॲक्सलच्या पिनियनचा (शाफ्ट जोडला जातो त्या दातेरी चाकाचा) कोन समान व परस्परविरुद्ध असावा, आणि प्रत्येक क्रॉसवरचा (शाफ्टच्या सांध्यावरचा) कोन तीन अंशांच्या आत. हे मोजताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. जॅकवर मागचा ॲक्सल लोंबतो आणि आकडे खोटे येतात.

एवढं करूनही डबा उतरवायची वेळ आलीच, तर उतरल्यावर बेल हाउसिंग रिकामं परत ब्लॉकवर लावून डायल गेज फिरवा. काटा एकूण ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर ऑफसेट डॉवेल पिन (हाउसिंग किंचित सरकवून मध्यावर आणणारी) मागवा. एक गिअरबॉक्स खाऊन दुसऱ्याच्या वाटेला लागण्यापेक्षा पिन स्वस्त. फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकच्या पातळ चकतीचे) आखूड बोल्ट फ्लायव्हीलला वापरले गेले नाहीत ना, ऑटोमॅटिकच्या क्रँकला पायलटचं भोक पुरेसं खोल आहे ना आणि प्लेटवरची ‘फ्लायव्हीलकडची बाजू’ खरंच तिकडे आहे ना, हेही बघून घ्या. परत चढवताना डबा शेवटच्या बोटभर अंतरावर अडला, तर बोल्टांनी ओढून घेऊ नका. प्लेट मध्यावर नसेल किंवा शाफ्ट बुशात शिरत नसेल. ओढलात की बुश गेलाच.

ऑईल डब्याच्या पुस्तकाप्रमाणे. वर्ल्ड क्लास टी-५ या मॅन्युअल डब्याला ऑटोमॅटिकचंच पातळ ऑईल लागतं, आणि जिथे जीएल-४ प्रतीचं गिअर ऑईल सांगितलंय तिथे जीएल-५ ‘वरच्या दर्जाचं’ म्हणून ओतू नका. पितळी सिंक्रोला ते मानवेलच असं नाही. स्पीडोमीटर खोटं बोलत असेल तर केबलच्या टोकाची छोटी दातेरी चकती बदला.

एक तक्रार मात्र दोषांच्या यादीतून खोडून टाका. मागच्या ॲक्सलचा रेशो २.८० आणि पाचवा गिअर ०.६८ असेल तर गुणाकार १.९० येतो. कमी वेगात पाचव्याला गाडी मान टाकणारच. जागेवरून उचलतानाही ती जड वाटेल, कारण ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर जोर वाढवून द्यायचा, तो आता नाही.

आणि रस्त्यावर न्यायच्या आधी हँडब्रेक. ऑटोमॅटिकच्या मालकाने वर्षानुवर्षं ‘पार्क’वर भरवसा ठेवलेला असतो, त्यामुळे ती केबल बहुधा गंजून जागच्या जागी धरलेली सापडते. ती काढून ग्रीस करा, ताणून घ्या आणि चढावर न्यूट्रलमध्ये गाडी धरते का ते बघा.