एका अक्षराचं म्युटेशन: प्रोजेक्टमधल्या या चुका टाळा

सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारावर प्रोजेक्ट करणारी मुलं सोलापुरात दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी भलताच धागा (स्ट्रँड) वाचणं. एका मुलाने एम.एस्सी.चा प्रोजेक्ट सात रस्त्याला बाइंडिंगला टाकायच्या आदल्या रात्री मला दाखवला. त्यात बीटा ग्लोबिनमध्ये (हिमोग्लोबिनमधलं प्रथिन) ल्युसिन या आमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडिन! तिथं ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्येच दाखवलंय. "सर, डेटाबेसमध्ये टीचा ए असंच दिलंय की ओ!" दिलंय, खरंय. पण एचबीबी हा बीटा ग्लोबिनचा जनुक ११व्या गुणसूत्राच्या उलट्या स्ट्रँडवर आहे आणि डेटाबेस सरळ स्ट्रँड दाखवतो. जनुकाच्या बाजूने वाचलं की तोच बदल जीएजी या कोडॉनचा (एक आमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं) जीटीजी होतो. पठ्ठ्याने सरळ स्ट्रँडवरचा सीटीसीचा सीएसी वाचला आणि अख्खी चर्चा त्या हिस्टिडिनवर रचली. रात्रभर टायपिंग.

मी कोडॉन पेन्सिलीने वहीत लिहितो, वाचायची दिशा बाणाने दाखवतो आणि आधी मूळ आमिनो आम्ल जुळतं का ते बघतो. ल्युसिन तिथं नव्हतंच, म्हणजे गडबड तिथंच कळली असती. पण टूलमध्ये पेस्ट करून लगेच उत्तर हवं असलेल्यांना वही काढायचाही कंटाळा.

बदललेल्या आमिनो आम्लाची जागा सहावी की सातवी? सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं तर सातवी. कशी मोजली ते लिहा, वाद नको.

जीएजीचा जीएए झाला तरी ग्लुटामिक आम्लच राहतं. अक्षर बदललं म्हणजे प्रथिन बदललंच असं नाही. उलट, इंट्रॉनमधला (जनुकातला प्रथिनात न उतरणारा भाग) बदल सोडून देऊ नका. भारतात बीटा थॅलेसेमियात (हाही बीटा ग्लोबिनचाच रक्तविकार) सर्रास सापडणारा आयव्हीएस १-५ हा बदल तिथलाच. तो आरएनएची जोडणी बिघडवतो.

"म्युटेशन आहे म्हणजे रोग होणारच" हे वाक्य तर मला दिसूच नये. सिकल सेलच्या जनुकाची एकच प्रत असलेला माणूस वाहक असतो, सहसा ठणठणीत. दोघेही पालक वाहक असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली," असं उत्तर तोंडी परीक्षेत ऐकलंय. अरे बाबा, प्रत्येक गरोदरपणात पुन्हा २५!

एपीओई-४ या जनुकप्रकारामुळे अल्झायमरची जोखीम वाढते, पण तो असूनही रोग न झालेली माणसं आहेत. तिथं 'कारणीभूत' लिहिलेलं दिसलं की मी लाल पेनने खोडतो. सिकल सेलच्या दोन प्रती असतील तर मात्र तोच शब्द राहू देतो.